पहिल्या गिअरमधली गाडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर कापडाने भरलेला अख्खा ट्रक गायब झालेला पाहिला. त्यातलं बरंचसं आता विसरत चाललोय. आमची सौ. म्हणते, विसरताय ते बरंच आहे, निदान जेवताना मढ्यांच्या गोष्टी तरी निघत नाहीत. पण सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका वळणावर रविवारी सकाळी घसरलेली एक साधी मोटरसायकल काही केल्या डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणात ना टोळी होती, ना हत्यार. तरी एक निर्दोष माणूस बायकोच्या खुनाच्या प्रयत्नात आत जायला निघाला होता, आणि तोही स्वतःच्या पायांनी.

मी मूळचा धुळ्याकडचा. वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले. मी इथेच शिकलो, गुजरात पोलिसांत लागलो आणि पी.आय. होऊन निवृत्त झालो. घरात अहिराणी, ठाण्यात गुजराती, आरोपीशी हिंदी आणि वाचायला मराठी, अशी आमच्या जिभेची आयुष्यभर कसरत चाललेली. त्या वेळी शहराच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं आजही याच शहरात राहतात, भाजी आणायला बाहेर पडतात. त्यांना उगाच ताप नको.

रविवारी सकाळी ठाणं जरा सुस्त असतं. शनिवारी पकडलेले दारूबंदीच्या राज्यातले दारुडे कोर्टात नेण्याची तयारी चालू असते, ठाणे अंमलदार चहा पीत डायरी लिहीत असतो. त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या चौकीतून वर्दी आली. एक विवाहित बाई, वय पंचविशीच्या आसपास, मोटरसायकलवरून पडली, डोक्याला मार, बेशुद्ध. नवऱ्याने रिक्षात घालून आणलं. अशा वर्द्या रोज येतात. मी जमादाराला पाठवलं.

जमादार अस्सल सुरती. तोंड एकदा सुरू झालं की बंद करायला वरिष्ठ लागायचा. पण कामाला पक्का. दवाखान्यात जाऊन आला, जागेवर जाऊन पंचनामा केला आणि दुपारी गाडी टेम्पोत घालून ठाण्याच्या आवारात आणली. घाम पुसत म्हणाला, "साहेब, आ गाडी छे के बळद? बैलासारखी अडून बसली, जागची हलेना! शेवटी चौघांनी उचलून टेम्पोत टाकली. माझी कंबर गेली."

"तुमची कंबर भरतीच्या दिवसापासूनच गेलेली आहे," मी म्हणालो. "घटना काय आहे ते सांगा."

घटना साधी होती. नवरा लूमच्या कारखान्यात कारागीर. राहणार भेस्तानच्या चाळीत. त्याचा जबाब असा, की नवरा-बायको सकाळी मोटरसायकलवरून देवाला निघाले होते, गाडी तो चालवत होता, वेग पन्नास-साठचा होता. कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदकाम चालू होतं, वळणावर वाळू आणि बारीक खडी पसरलेली होती. तिथे चाक सरकलं, गाडी डाव्या बाजूला पडली, बायकोचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. चूक माझी, असं त्याने आपणहून लिहून दिलं. हेल्मेट घरी खुंटीला. रविवारी सकाळी कोण बघतंय, हा आपल्याकडचा नेहमीचा विचार.

मी कागद बाजूला ठेवले. आणि तेवढ्यात फोन आला.

फोनवर बाई होती. मराठवाड्याकडची बोली, आवाज दबलेला. "साहेब, ती गाडीवरून पडली म्हणतात ना, ते काही खरं वाटत नाही मला. शनिवारी दोघांचं लई भांडण झालं. तो ओरडत होता, ती रडत होती. आन् सकाळी ती दवाखान्यात. तुम्हीच बघा काय ते." नाव विचारलं तर फोन ठेवला.

शेजाऱ्यांच्या अशा फोनवर मी एकदम विश्वास ठेवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणारे पुष्कळ. पण दुर्लक्षही करत नाही. लग्नाला फार वर्षं झालेली नसताना बायको मरणाच्या दारात असेल, तर पोलिसाने दोनदा बघावं, हा धडा मला नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाला होता.

आणि मग तिचा भाऊ आला.

हा शहराबाहेर कडोदऱ्याला राहणारा. तिथल्या एका कारखान्यात लूम-मास्तर, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा. उंचापुरा, चाळिशीच्या आतला माणूस. टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "मन्ही बहीण शे ती, साहेब! त्यानी मारी टाकं तिले!"

अहिराणी ऐकून मीही अहिराणीवर आलो. "बठ भाऊ. पहिले पानी पी. मग सांग, काय व्हयनं."

पुढचं तो जे बोलला ते साध्या मराठीत लिहितो. वडील लवकर गेले, तेव्हा बहीण लहान होती. याने तिला वाढवलं, शिकवलं, स्थळ बघून लग्न करून दिलं. आज दवाखान्यात गेला तर डॉक्टर नर्सला सांगत होते की पेशंटच्या पोटावर गोल वळ आहे, काळानिळा. डोक्याचा मार पडल्याने झाला असेल, पण पोटावरचा वळ कशाचा? लाथेचा! घरात लाथ घातली, ती पडली, मग गाडीवर टाकून अपघाताचं नाटक केलं. "तो सरळ माणूस आहे असं मीच सगळ्यांना सांगत होतो. मीच तिला त्याच्या पदरात बांधली," असं म्हणून तो माणूस लहान मुलासारखा रडला. बहिणीची तीन-चार वर्षांची मुलगी तो आधीच कडोदऱ्याला घेऊन गेला होता. म्हणाला, "पोर आता त्या घरात पाय ठेवणार नाही."

तक्रार घ्यावी लागली. शेजारणीचा फोन, पोटावरचा वळ, भावाचा आरोप, तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. बाई वाचली तर खुनाचा प्रयत्न, गेली तर खून. नवऱ्याला ठाण्यात बोलावलं.

तो आला तेव्हा रडून डोळे सुजलेले होते. तिशीचा, बारीक अंगाचा. मी अर्धं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांसमोर बसून काढलंय. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. विचारलं नसेल तेही सांगतो, देवाच्या आणाभाका घेतो, आईला मध्ये आणतो. हा मात्र तीनच वाक्यं बोलत होता. गाडी मी चालवत होतो. चूक माझी आहे. तिला बघायला जाऊ द्या.

"शनिवारी भांडण कशावरून झालं?"

"चूक माझी आहे, साहेब."

"तिच्या पोटावर वळ कसला?"

त्याने दचकून वर बघितलं. वळाची त्याला खबरच नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं. पण दिसणं आणि सिद्ध होणं यांत फरक असतो.

"साहेब, मी तिच्यावर हात उचललेला नाही. कधीच नाही."

"मग भांडण कशाचं?"

"तिला बघायला जाऊ द्या," एवढंच तो म्हणाला. जमादार बाजूला उभा होता, तो गुजरातीत पुटपुटला, चोराच्या मनात चांदणं. मी त्याला डोळ्यांनी दाबलं.

एक गोष्ट मला खटकली. याने स्वतःला लागलेलं दाखवलं, तेव्हा उजव्या कोपराच्या मागे सालटं गेलेलं होतं आणि पॅन्ट मागून, ढुंगणावर फाटलेली होती. पुढून शर्टाला धूळसुद्धा नाही. डावीकडे पडलेली गाडी चालवणाऱ्याचा डावा गुडघा कसा शाबूत राहील? तरुणपणी मीही या शहरात दोनदा रस्त्यावर लोळण घेतलेली आहे, दोन्ही वेळा गुडघ्याने हिशोब चुकता केला. पण माणूस कसाही पडू शकतो. एवढ्यावर काही ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बाई अजून शुद्धीवर नव्हती, पण डॉक्टर म्हणाले धोका कमी होतोय. वळाबद्दल विचारलं. तरुण डॉक्टर होते, सावधपणे बोलले. "बोथट, गोल वस्तूचा मार. कडा स्पष्ट आहेत. लाथ म्हणाल तर बुटाची टाच असू शकते. पण मी ठामपणे सांगणार नाही."

तिच्या कपड्यांचं पुडकं नर्सने पुढे केलं. पंजाबी ड्रेस. सलवार डाव्या गुडघ्यावर फाटलेली, रक्ताने माखलेली.

भाऊ शेजारीच उभा होता. बहिणीच्या खाटेपासून तो हललेलाच नव्हता. त्याने ते कपडे बघितले आणि म्हणाला, "हे तिचे नाहीत. आमच्यात लग्न झालेली बाई ड्रेस घालत नाही, साहेब. सुरत असो की लंडन. मी तिला लग्नानंतर साडीशिवाय कधी पाहिली नाही."

नर्स म्हणाली, "आम्हीच अंगावरून काढलेत, दादा."

"मग त्यानेच घालायला लावले असतील!" भाऊ म्हणाला. एकदा एखाद्याला गुन्हेगार ठरवलं की पाऊस पडला तरी त्याच्याच नावावर जमा होतो, ही माणसाची जुनी खोड आहे.

मी मात्र त्या सलवारीपाशी अडकलो. आठवडाभर साडी नेसणारी सून रविवारी सकाळी देवाला जाताना ड्रेस का घालेल? देवाला तर उलट चांगली साडी नेसतात. आणि नवऱ्यामागे बसायचं तर आमच्याकडच्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, साडीत ते छान जमतं. ड्रेस लागतो तो दोन्हीकडे पाय टाकून बसायला.

शेजारीण कोण, ते शोधायला वेळ लागला नाही. फोनचा नंबर आमच्याकडे होताच. चाळीतली शेजारच्याच खोलीतली बाई, मूळची जालन्याची. मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन साध्या कपड्यात गेलो. खोलीभर साड्यांचे गठ्ठे पडलेले होते. या भागातल्या घरोघरी बायका साड्यांना टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, सुटलेले धागे कापतात. कारखान्यातून माल येतो, काम करून परत जातो. ही बाई आणि आमची जखमी बाई, दोघी मिळून हे काम करायच्या.

आधी ती घाबरली. मग म्हणाली, "भांडण झालं ते खरं हाय. पण शब्द काही कळाले नाहीत. ‘मी जाणारच’ एवढं तिचं ऐकू आलं."

"कुठे जाणार?"

"काय माहीत. माहेरी म्हणत असंल."

"आधी कधी मारहाण?"

"खरं सांगू का साहेब, मारायचं काय, तो तिला कधी वाकडं बी बोलत नव्हता. म्हणून तर मला नवल वाटलं. दर रविवारी सकाळी पोरीला माझ्याकडं ठेवून दोघं गाडीवर जायची. येताना तिचं तोंड असं फुललेलं असायचं. मी म्हणायची, एवढं कुठं फिरायला जाता गं, आम्हाला बी सांग की! ती नुसती हसायची."

"रविवारी ती काय घालून जायची?"

"ड्रेस. वरून साडी गुंडाळायची न् चाळीच्या बाहेर गेल्यावर काढून पिशवीत टाकायची. मला वाटलं, हौस असंल नवऱ्याची."

मी उठलो. बाईने पुढे ठेवलेल्या कपाला माझा पाय लागला. कॉन्स्टेबल म्हणाली, सर, चहा सांडला. सांडला तर सांडला. मला आता ती गाडी बघायची घाई झाली होती.

ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांच्या रांगेत ती उभी होती. जमादाराला हाक मारली. "रविवारी म्हणालात गाडी ढकलली तरी हलली नाही. का नाही हलली?"

"जाम झाली असेल, साहेब."

मी पायाने गिअर खाली-वर करून बघितला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. पडल्या क्षणापासून आजतागायत कोणी गिअरला हात लावलेला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलेली गाडी कशी हलेल? आणि पन्नास-साठच्या वेगात जाणारा कोणता शहाणा पहिल्या गिअरमध्ये असतो? पहिल्या गिअरमध्ये असतो तो नुकता निघालेला माणूस. नाहीतर शिकणारा.

मी खाली बसून हँडल बघितलं. डाव्या बाजूच्या मुठीचं रबर टोकाला फाटलं होतं आणि आतली लोखंडी नळी गोल, उघडी बाहेर आली होती. डॉक्टरांनी कागदावर वळाचा आकार काढून दिला होता. तो त्या टोकावर धरला. जमादाराने तो बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

वाळूवर हळू जाताना नवशिक्याने घाबरून पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सरकतं, हँडल एकदम आत वळतं आणि त्याचं टोक चालवणाऱ्याच्या पोटात बसतं. मागे बसलेल्याच्या पोटात ते कधीच बसणार नाही. मागे बसलेला पाठीवर, ढुंगणावर पडतो.

नवऱ्याला आवारातच बोलावलं. "बस गाडीवर. कसे बसला होतात ते दाखव."

तो पुढे बसला. हात हँडलवर ठेवले.

"आता मागे सरक," मी म्हणालो. "तुझी जागा मागे होती."

त्याने हात काढून घेतले. तोंड पांढरंफटक पडलं. "नाही साहेब. मी चालवत होतो. माझं नाव लिहा."

"अरे बाबा, तुझ्यावर बायकोला ठार मारायचा प्रयत्न केल्याचा गुन्हा लागतोय! कळतंय का तुला? तुझी पोर मामाकडे गेली, ती परत दिसायची नाही. ती गाडी चालवत होती एवढंच सांग. लायसन नसल्याचा दंड होईल, झालं. तिला कोणी फाशी देणार नाही."

"दंडाचं काही नाही, साहेब."

"मग कोणाला घाबरतोस?"

तो गाडीच्या टाकीवर हात फिरवत राहिला. मग बोलला. पडल्यावर ती शुद्धीवर होती, थोडा वेळ. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ती एकच वाक्य म्हणाली होती. भाऊले सांगू नका.

तिचे वडील, अण्णा, मोटरसायकल घसरूनच गेले होते, गावाकडच्या रस्त्यावर. भावाने ते प्रेत स्वतः उचललं. पुढे ही सातवी-आठवीत असताना शेजाऱ्याच्या गाडीवर हँडल धरून बसलेली भावाला दिसली. त्याने मारलं नाही, ओरडला नाही. श्रावणात घरी कानबाई बसली होती, म्हणजे नारळात देवी मांडून पूजा चालू होती. खान्देशी घरांत कानबाईपुढे खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. भावाने बहिणीचा हात कानबाईच्या नारळावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की जन्मात कधी गाडीचं हँडल धरणार नाही.

"आणि तिने धरलं," मी म्हणालो.

"काम मिळत होतं, साहेब. साड्यांचा माल कतारगामहून आणायचा, इकडच्या बायकांना वाटायचा, झाला की परत पोचवायचा. स्वतः ने-आण करणारी बाई पाहिजे होती त्यांना. माझी पाळी बारा तासांची, मी कसा जाणार? ती म्हणाली, मला शिकव. आधी मी नको म्हणालो, मग रविवारी सकाळी शिकवायला लागलो. शनिवारी तेच भांडण. मी म्हणालो, रस्ता खोदलाय, या रविवारी राहू दे. ती म्हणाली, मी जाणारच."

"आणि हे भावाला सांगण्यापेक्षा तू जेलमध्ये जाणार होतास?"

"आता ती पडली. शपथ मोडली म्हणून पडली, असंच तो म्हणणार. तिलाही तेच वाटणार. मी शब्द दिलाय, साहेब."

मला राग आला, खरंच आला. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. एक शपथ भावाने घातली, दुसरी बायकोने घातली, आणि या दोन शपथांच्या मध्ये एक माणूस मुकाट्याने तुरुंगाच्या दारात उभा! पण त्याच्या तोंडावर ही मोठी कुर्बानी करतोय असा काही भाव नव्हता. जेवणाचा डबा पोचवून ये म्हटल्यावर माणूस जसा जाईल, तसा तो निघाला होता.

मी त्याचं ऐकून गुन्ह्याचा निकाल लावू शकत नव्हतो. स्वतःला वाचवायला आरोपी काहीही सांगेल, असं उद्या भावाचा वकील म्हणाला असता. जबाब तिचाच हवा होता.

ती शुद्धीवर आल्याचा निरोप मिळाला तसा मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन दवाखान्यात गेलो. ती जबाब द्यायच्या स्थितीत आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं. डोक्याला पट्टी, ओठ सुकलेले. भाऊ पायाशी स्टुलावर बसलेला. नियमाने त्याला बाहेर पाठवायला हवं होतं, पण त्याने बहिणीचा पाय धरून ठेवला होता. मी म्हटलं, बसू दे. हे त्याच्यासमोर झालेलंच बरं.

"ताई, गाडी कोण चालवत होतं?"

तिने आधी भावाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हे चालवत होते."

भावाने मान हलवली. बघा, मी सांगत होतो ना, अशी.

ती खोटं बोलली त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या लक्षात आलं, की बाहेर काय चाललंय हे हिला ठाऊकच नाही. ती बेशुद्ध होती. तिच्या लेखी हा अजून एक साधा अपघात होता आणि नवऱ्याने चूक स्वतःवर घेतली की मिटलं.

"ताई, तुझ्या भावाने तक्रार दिली आहे," मी सावकाश सांगितलं. "तुझ्या नवऱ्याने तुझ्या पोटात लाथ मारली आणि तुला ठार करायला गाडीवरून पाडलं, अशी. तो ठाण्यात आहे. तुझी मुलगी कडोदऱ्याला आहे."

तिने उठायचा प्रयत्न केला. नर्सने खांदे दाबले. मशीनचा आवाज वाढला. "लाथ? कोणी? यांनी?" ती भावाकडे बघत राहिली. "भाऊ, काय बोलतोस तू हे?"

"तुला भीती घातलीय त्याने. तू घाबरू नकोस, मी आहे," भाऊ म्हणाला.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, गेली पुन्हा बेशुद्धीत. पण डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं होतं. डोळे न उघडताच ती बोलली.

"भाऊ, गाडी मी चालवत होते. हे मागे बसले होते. दोन महिने शिकतेय मी. हँडल लागलं माझ्या पोटात."

भावाचा हात तिच्या पायावरून सुटला.

"कानबाईपुढची शपथ मोडली मी," ती म्हणाली. "मला शिक्षा झाली. यांना सोड."

मला वाटलं आता हा माणूस भडकणार. मी खुर्चीतून थोडा उठलोही. तो उभा राहिला, काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि एवढंच विचारलं, "मी मारलं असतं का गं तुला? कधी बोट तरी लावलंय का? मला सांगायचं नाही एवढा काय भ्यायलीस माझ्याला?"

"तू मारशील म्हणून नव्हते भ्यायले," ती म्हणाली. "तू रडशील म्हणून भ्यायले. अण्णांना आणलं तेव्हा तू रडला होतास ना, ते मला अजून ऐकू येतं."

भाऊ बाहेर गेला. मी जबाब पुरा केला, तिच्या अंगठ्याचा नाही, सहीचाच. वाकडी झाली सही, पण तिने स्वतः केली.

पुढचं काम कागदाचं. नवऱ्यावरचा आरोप निघाला, तसा अहवाल कोर्टात गेला. विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल बाईवर आणि चालवायला दिल्याबद्दल नवऱ्यावर रीतसर कारवाई केली. कायदा कायद्याच्या जागी. काही लोक म्हणाले, साहेब, बिचाऱ्यांना सोडून द्यायचं. सोडून देऊन तिला काय शिकवलं असतं, की पोलिसही लपवायला मदत करतात?

या प्रकरणानंतर माझी विचारायची पद्धत बदलली. आरोपी खोटं बोलतोय असं दिसलं की आम्ही पोलीस ठरलेलं एकच विचारायचो, कोणाला वाचवतोयस? पुढे मी दुसरंही विचारायला लागलो, कोणाला कळू नये म्हणून लपवतोयस? आणि उत्तर ऐकून पुष्कळदा थक्क व्हायचो. माणसं पोलिसाला, कोर्टाला, तुरुंगाला भितात ते वरवरचं. खरी भितात ती त्यांना जीव लावणाऱ्या माणसाला. आणि जी गोष्ट दिवसाउजेडी, जाणत्या माणसाकडून, हेल्मेट घालून शिकायची, ती पिशवीत साडी कोंबून खोदलेल्या रस्त्यावर चोरून शिकतात. शपथ घालून त्या भावाने बहिणीला गाडीपासून लांब ठेवलं नव्हतं. तिला स्वतःपासून लांब ठेवलं होतं.

हे मी त्याला सांगायला गेलो नाही. त्याचं त्याला कळलं होतं. ती घरी गेल्यानंतर थोड्या दिवसांनी तो ठाण्यात आला. भाची बरोबर होती, तिला तिच्या घरी पोचवायला निघाला होता. माझ्यासमोर बसला नाही, उभाच राहिला.

म्हणाला, "साहेब, ती पुन्हा शिकायचं म्हणतेय. आमच्या पाहुण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मला विचारलं, काय करू. मी काय सांगणार? मला नाही बघवणार तिला गाडीवर. कानबाई मला माफ करील न करील. पण मी तिला म्हणालो, चालव बाई. फक्त निघताना मला फोन करत जा, पोचल्यावर करत जा. मध्ये जीव जाईल माझा, जाऊ दे. पण मला ठाऊक तरी असेल, की तू रस्त्यावर आहेस."